वळवाआधीची तयारी: इन्व्हर्टरची बॅटरी, पंखे आणि गच्चीवरचा सोलर

तारेवरची चिमणी (धागा)

वळीव सुरू झाला की वीज जायला निमित्त लागत नाही. फांदी तारेवर पडते, फीडर ट्रिप होतो, आणि वर्षभर कोपऱ्यात गपगुमान बसलेला इन्व्हर्टर पहिल्यांदा खऱ्या कामाला लागतो. अर्ध्या तासात तो टीं टीं करून बंद पडला की दुकानात धाव घ्यायची आणि तिथे ठरलेला सल्ला ऐकायचा: "दोनशे एएचची टाका." (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) त्यात बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे नवीन घेऊन मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे. माझं मत वेगळं आहे. आहे त्या बॅटरीत दम किती उरलाय आणि तिच्यावर भार किती टाकलाय, हे दोन्ही मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

आधी भाराचं बोलू. बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२० असतं. त्याचा अर्थ ७.५ अँपिअरने काढलं तर २० तास. आपण घरात कधीच ७.५ अँपिअरने काढत नाही. तीन साधे पंखे ७५ वॉटचे, म्हणजे २२५. चार एलईडी बल्ब ९ वॉटचे, ३६. एक ट्यूब २०, राउटर १०, बत्तीस इंची टीव्ही ५०. झाले ३४१ वॉट. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, म्हणून बॅटरीतून ४१५ वॉटच्या आसपास निघतात. १२ व्होल्टने भागलं की जवळजवळ ३५ अँपिअर. इतक्या जोरात उपसली की लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण १५० एएच देत नाही, १०० च्या आसपास देते. म्हणजे नवी कोरी बॅटरीसुद्धा तीन तासांच्या आतच थांबणार. चार वर्षांची झाली असेल तर दीड तास हा दोष नाही, वय आहे.

आता तेच तीन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचे) केले, ३० वॉटचे, तर भार २०६ वॉटवर येतो. बॅटरीतून २१ अँपिअर. हळू उपसल्यामुळे तीच बॅटरी ११५ ते १२० एएच देते, म्हणजे साडेपाच तास. भार चाळीस टक्के कमी केला आणि वेळ जवळजवळ दुप्पट झाला. दोनशे एएचच्या बॅटरीने इतका फरक पडत नाही.

दोनशेच्या बॅटरीची आणखी एक अडचण दुकानात कुणी सांगत नाही. बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्के चार्जिंग करंट लागतो. १५० ला १५ अँपिअर, २०० ला २०. जुना इन्व्हर्टर १० ते १२ अँपिअरच देत असेल आणि गावात रोज पाच-सहा तास वीज जात असेल, तर मोठी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसत जातो आणि दोन वर्षांत ती लहान बॅटरीइतकीच उरते. म्हणून बॅटरी वाढवायची असेल तर आधी इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीवर चार्जिंग करंट किती लिहिलाय ते वाचा.

पाणी, टर्मिनल, पंख्याची जोडणी, सोलर, सगळ्यावर इथे लिहूया. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते टाका.

वऱ्हाडी ऊन

फार कामाचा धागा. अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यासाठी एक भर. लेड अ‍ॅसिड बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. आमच्याकडे बॅटरी गच्चीच्या जिन्याखाली पत्र्याच्या दाराआड ठेवायची पद्धत आहे, तिथे मे महिन्यात ४५ च्या वर पारा असतो. बॅटरी घरातल्या थंड आणि हवेशीर कोपऱ्यात हलवली तर तिची एक-दोन वर्षं वाचतात. इन्व्हर्टर आणि भिंतीत वीतभर जागा ठेवा, त्याच्या पंख्याला हवा खेचू द्या.

पाण्याबद्दल विचारायचं होतं. उन्हाळ्यात पाणी भराभर उतरतं. आरओचं पाणी चालतं का? टीडीएस तीस-चाळीसच असतो.

फेज न्यूट्रल

चालत नाही. तीस-चाळीस टीडीएस पिण्यासाठी उत्तम, बॅटरीसाठी घाण. त्यात क्लोराइड आणि लोहाचे अंश असतात. पाणी उडून जातं, हे अंश आतच राहतात आणि दर खेपेला वाढत जातात. क्लोराइड प्लेटांची जाळी खातं, लोहामुळे बॅटरी नुसती उभी असतानाही आपोआप उतरते. एसीच्या नळीचं पाणीही तितकंच वाईट. ते कॉइलवरून येतं, त्यात धूळ आणि तांब्याचे कण येतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन महाग नाही, त्यात काटकसर नको. कॅन उघडल्यावर झाकण घट्ट लावा आणि ओतायला स्वयंपाकघरातलं स्टीलचं नरसाळं घेऊ नका, प्लॅस्टिकचं वेगळं ठेवा.

आणि अ‍ॅसिड कधीही टाकू नका. पाणी कमी होतं, अ‍ॅसिड कमी होत नाही. पातळी उतरली म्हणून अ‍ॅसिड ओतलं तर आतलं द्रावण जास्त तीव्र होतं, पहिले आठ दिवस बॅटरी जोरात चालते आणि मग प्लेटा झडतात. "दोन बाटल्या अ‍ॅसिड टाकलं की नव्यासारखी होते" असं सांगणाऱ्या मेकॅनिकला दारातूनच परत पाठवा. अपवाद एकच, बॅटरी आडवी होऊन अ‍ॅसिड सांडलं असेल तर.

पाणी भरायची वेळ महत्त्वाची. पूर्ण चार्ज झाल्यावर भरायचं. चार्ज होताना द्रावण फुगतं आणि बुडबुडे येतात. उतरलेल्या बॅटरीत फ्लोटच्या, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काडीच्या, हिरव्या रेषेपर्यंत पाणी भरून चार्जिंगला लावलं की ते झाकणातून बाहेर येतं. बाहेर नुसतं पाणी येत नाही, अ‍ॅसिडसकट येतं, आणि मग आतलं द्रावण कायमचं पातळ होतं.

शहाबादी

इथे जरा भर घालतो. फ्लोटची काडी तळाला गेली असेल, लाल रेषाही दिसत नसेल, तर प्लेटा उघड्या पडलेल्या असतात. अशा वेळी चार्ज व्हायची वाट बघू नये. आधी प्लेटा बुडतील इतकंच पाणी घाला, मग रात्रभर चार्जिंग, मग सकाळी हिरव्या रेषेपर्यंत. उघड्या प्लेटा हवेत कोरड्या पडल्या तर तेवढा भाग पुन्हा चार्ज धरत नाही.

दुसरं, माझ्या नावाला जागून फरशीचं सांगतो. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. अ‍ॅसिडचा एक थेंब पडला की फेस येतो, आणि पुसलं तरी पांढरा खडबडीत डाग राहतो, तो पॉलिशशिवाय जात नाही. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइलला तसा त्रास होत नाही. बॅटरीखाली जाड प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा. लोखंडी ट्रॉली असेल तर तिच्याखालीही ट्रे हवा, नाहीतर पावसाळ्यात गंजाचे चार गोल उमटतात.

फेज न्यूट्रल

बरोबर, तो अपवाद मी लिहायला हवा होता.

अबोली

मला बॅटरी तपासायची कशी ते सविस्तर हवं आहे. सहा झाकणं, सहा फ्लोट. पाचांत पाणी ठीक असतं आणि एकात दर महिन्याला कमी होतं. पूर्ण चार्ज दाखवते, पण वीज गेली की चाळीस मिनिटांत बीप. दुकानदार नवीनच घ्या म्हणतो.

तारेवरची चिमणी

अबोलीताई, जो सेल (झाकणाखालचा कप्पा) जास्त पाणी पितो तिथेच संशय धरा. पण नुसत्या संशयावर बॅटरी काढून टाकू नका, हायड्रोमीटरने बघा. काचेच्या नळीत तरंगणारा काटा आणि वर रबरी फुगा असं द्रावणाची घनता मोजणारं ते साधन असतं, बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद करून दोन-तीन तास तशीच राहू द्या. पाणी नुकतंच भरलं असेल तर त्या दिवशी मोजू नका, नवं पाणी वरच राहतं आणि आकडा खोटा येतो. हातमोजे आणि चष्मा घाला. एकेक झाकण उघडून नळी बुडवा, फुगा दाबून सोडा, काटा नळीच्या कडेला न चिकटता मोकळा तरंगेल इतकं द्रावण घ्या, आणि डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडा वाचा. कागदावर एक ते सहा लिहून ठेवा. द्रावण ज्या सेलमधलं त्याच सेलमध्ये परत सोडा.

ट्युब्युलर बॅटरीला (घरच्या इन्व्हर्टरची नेहमीची, नळीच्या प्लेटांची) पूर्ण चार्जवर १.२४० ते १.२५० यायला हवं. गाडीच्या बॅटरीचा आकडा १.२८० असतो, तो इथे लावून घाबरू नका. सगळे सेल १.२०० च्या आसपास सारखेच असतील तर बॅटरी नीट भरलेलीच नाही, दोष चार्जिंगचा असू शकतो. पाच सेल १.२४० आणि एक १.१५० असेल तर तो सेल गेला. सेलमधला फरक ०.०३० पेक्षा जास्त दिसला की कंपनीकडे वॉरंटीत तक्रार करायला तेवढा पुरावा चांगला आहे. त्यांचा माणूस आला की हेच मोजतो.

मल्टिमीटर असेल तर पडताळा घेता येतो. हायड्रोमीटरच्या आकड्यात ०.८४ मिळवा, सहाने गुणा. १.२४० ला १२.४८ येतात. म्हणून आराम दिलेली चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. साडेदहाच दाखवत असेल तर एक सेल आत शॉर्ट झालाय. व्होल्ट बरोबर दिसतात तरी समाधान मानू नका. वीज बंद करून तीन पंखे लावा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. बारा-पावणेबाराच्या आसपास टिकली तर ठीक, अकराच्या खाली घसरली तर संपली.

आणि त्या सेलला हात लावून बघा, चार्जिंग चालू असताना तो बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का. सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, खिडक्या उघडा आणि बॅटरी वापरू नका. तो वास ओव्हरचार्ज होत असल्याचा असतो.

अबोली

मोजलं. १.२४०, १.२३५, १.२४०, १.१४०, १.२४०, १.२३५. चौथा. वॉरंटी कार्डावर ३६+२४ लिहिलंय आणि बॅटरीला ४१ महिने झालेत. याचा अर्थ काय धरायचा?

फेज न्यूट्रल

पहिले ३६ महिने फुकट बदलून. पुढचे २४ महिने प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीवर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट. दुकानदार कधी कधी ही सूट आणि जुन्या बॅटरीची मोड यांतली एकच देतो, कारण वॉरंटीत दिलेली बॅटरी कंपनी ठेवून घेते. दोन्ही आकडे विचारा, जो जास्त तो घ्या. जुनी बॅटरी वजनावर जाते आणि आत शिसं असतं, त्यामुळे तिला किंमत चांगली येते. दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ पासून बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून दुकानातच परत द्या.

नवीन घेताना बॅटरीवर ठोकलेला उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्या. नुसती पडूनही ती उतरत असते, सहा महिन्यांपेक्षा जुना माल नको. बिलावर सिरियल नंबर, कार्डावर शिक्का आणि तारीख. बसवायला येणाऱ्याकडून इन्व्हर्टरच्या मागचा बॅटरीचा स्विच तपासून घ्या. ट्युब्युलरला तो ट्युब्युलरवरच हवा. एसएमएफवर (पाणी न लागणाऱ्या बंद बॅटरीच्या खुणेवर) राहिला तर चार्जिंग कमी व्होल्टवर थांबतं आणि नवी बॅटरी कायम उपाशी राहते.

खाडीपलीकडे

कोकण आणि गोव्यात उन्हापेक्षा खारी दमट हवा नडते. टर्मिनलवर हिरवट-पांढरा भुगा जमतो, जोड सैल होतो, आणि भार पडला की तोच जोड तापतो. इन्व्हर्टर "बॅटरी लो" ओरडतो आणि आपण बॅटरीला बोल लावतो. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा साफ करायचं.

क्रम चुकवायचा नाही. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, मग त्याचा मेन प्लग काढायचा. अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र पदराआड खोचलं तरी वाकल्यावर बाहेर येतं, तेही काढा. दोन टर्मिनलांवर धातू आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि साखळी क्षणात लाल होते. आधी काळी, निगेटिव्ह वायर सोडवायची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. शेवटची वायर टेकताना बारीक ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतानाची असते. म्हणूनच झाकणं उघडी असताना वायर जोडायची नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो बॅटरीवर रेंगाळतो.

सहाही झाकणं घट्ट लावलीत हे बघून पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा. फसफसायचं थांबलं की अ‍ॅसिड संपलं. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर आतलं अ‍ॅसिडही मारतं, म्हणून झाकणांचा आग्रह. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, नट पान्याने आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा पातळ थर. आधी व्हॅसलीन आणि मग वायर असं करू नका, जोड धातूवर धातूच बसला पाहिजे.

देवघराखालच्या कपाटात बॅटरी ठेवलेली बऱ्याच घरांत दिसते. वर समई आणि खाली हायड्रोजन. कृपा करून ती जागा बदला.

मोगरा ४२

बीएलडीसी पंख्यांचं कुणी लिहा ना. रेग्युलेटर ठेवायचा की काढायचा? इलेक्ट्रिशियन म्हणतो पाचवर ठेवा, चालतं.

फेज न्यूट्रल

काढायचा. पायरीपायरीच्या रेग्युलेटरवर पाच नंबर म्हणजे सरळ जोडणी, त्यामुळे त्यावर पंखा चालतो हे खरं. पण घरात पाहुणे येतात, मुलं असतात, कुणीतरी तो तीनवर आणतं, आणि पंख्याच्या आतली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक पट्टी) कापलेल्या व्होल्टेजवर धडपडत राहते. गोल फिरणारा जुना डिमर असेल तर तो पूर्ण फिरवूनही भरवशाचा नाही. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, रेग्युलेटरच्या दोन वायरी एकमेकींना कनेक्टरने जोडा, आणि जागेवर कोरी प्लेट लावा. पंधरा मिनिटांचं काम.

रिमोट हरवला तर काय ही शंका असते. पुष्कळ मॉडेलांत भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं की वेग एकेक पायरीने बदलतो. घेतानाच पुस्तिकेत बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे. वॉट आणि हवेचा आकडा दोन्ही वाचा, नुसते कमी वॉट म्हणजे चांगला पंखा नव्हे. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर साधे पंखे घूं घूं करतात, तो त्रासही बीएलडीसीने जातो, कारण आत वीज आधी डीसीच होते.

ज्यांना सगळे पंखे बदलायचे नाहीत त्यांनी रात्री चालणारे दोनच बदलावेत. हॉलमधला राहू दे.

शहाबादी

साधा पंखा हळू झाला असेल तर तो टाकून द्यायच्या आधी कपॅसिटर बघा. वरच्या वाटीत पांढरा किंवा काळा डबा असतो, त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. दोनच्या खाली आला की पंखा गरगरतो पण वारा येत नाही. आकडा तोच घ्यायचा. जोरात फिरेल म्हणून मोठा टाकला तर वाइंडिंग तापतं. काही पंख्यांना मुळातच ३.१५ असतो, म्हणून जुन्यावरचं वाचूनच दुकानात जा. काढताना टोकांना हात लावू नका, आधी स्क्रू ड्रायव्हरची इन्सुलेशनवाली मूठ धरून दोन टोकं एकमेकांना टेकवून डिस्चार्ज करा.

वऱ्हाडी ऊन

आता सोलरचं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून प्रत्येक गल्लीत पॅनेल दिसतात. अनुदान एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार. पण पुष्कळांना वाटतं की सोलर लावला म्हणजे वीज गेल्यावर दिवे चालू राहतील. ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजतारेला (ग्रिडला) जोडलेल्या सोलरमध्ये तसं होत नाही. ग्रिड गेली की सोलरचा इन्व्हर्टर क्षणात बंद होतो, भर दुपारी टळटळीत ऊन असलं तरी. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत आपल्या गच्चीवरून वीज जाऊ नये म्हणून ती सोय सक्तीची आहे. वीज गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीसकट हायब्रिड प्रणाली लागते, आणि अनुदान मोजतात ते पॅनेलच्या किलोवॉटवर, त्यामुळे बॅटरीचा खर्च हिशेबात वेगळा धरा.

मोगरा ४२

मग घरात आधीचा इन्व्हर्टर आहे त्याच्या आउटपुटला सोलर जोडला तर? त्याला ग्रिड आहे असंच वाटेल.

फेज न्यूट्रल

असं कधीही करू नका. हे मी मोठ्याने सांगतोय कारण काही बसवणारे खरंच सुचवतात. घरचा साधा इन्व्हर्टर वीज बाहेर द्यायला बनवलाय, उलट दिशेने आत घ्यायला नाही. सोलरची जास्तीची वीज त्याच्या आउटपुटमधून आत घुसली तर बॅटरी बेलगाम चार्ज होते किंवा मॉस्फेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटतात. सोलरची जोडणी मीटरकडच्या मेन बाजूला, आणि घरचा इन्व्हर्टर त्याच्या पुढे, नेहमीसारखा. दिवसा सोलरवर बॅटरी भरते, संध्याकाळी वीज गेली तर जुना इन्व्हर्टर घर सांभाळतो. ही जोडणी साधी आहे आणि वर्षानुवर्षं टिकते.

तारेवरची चिमणी

पॅनेलच्या धुलाईबद्दल इतकंच: पहाटे धुवा. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी काचेवर वाळू दिलं तर क्षाराचे ठिपके बसतात, रबरी पट्टीने लगेच ओढून घ्या. स्वच्छ पॅनेल एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट देतं, जुलै-ऑगस्टच्या ढगांत अर्थातच कमी. त्यापेक्षा खूप कमी येत असेल तर आधी सावली बघा, शेजारची पाण्याची टाकी किंवा वाढलेली नारळाची झावळी.

खाडीपलीकडे

आमच्या भागात व्होल्टेज फार खेळतं. संध्याकाळी १६० होतं, आणि मेन चालू असताना इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रात्री वीज जाते तेव्हा बॅटरी आधीच अर्धी झालेली असते. स्टॅबिलायझर लावावा का?

फेज न्यूट्रल

आधी इन्व्हर्टरच्या मागचा दुसरा स्विच बघा. यूपीएस मोडवर असेल तर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो. इको किंवा वाइड मोडवर १०० ते २९० पर्यंत चालवून घेतो. कॉम्प्युटर नसेल तर इकोवर टाका, १६० ला तो मेनवरच राहील आणि चार्जिंगही चालू राहील. लॅपटॉपला त्या मोडचा त्रास होत नाही. फ्रिजला मात्र वेगळा स्टॅबिलायझर हवा, १६० व्होल्टवर कॉम्प्रेसर अडखळतो आणि तापतो.

कमीपेक्षा जास्त व्होल्टेज धोक्याचं. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की एका फेजवरच्या घरांत २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. दिवे अचानक प्रखर झाले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरायला लागला, की विचार करत बसू नका, मेन स्विच खाली पाडा आणि १९१२ वर महावितरणला कळवा (गोव्यात असाल तर तिथल्या वीज खात्याला). मीटरच्या पुढे डीबीमध्ये (एमसीबींच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो अशा वेळी आपोआप तोडतो आणि व्होल्टेज सुधारल्यावर जोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तिला करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही.

अबोली

अजून एक शंका. इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी (वीज गळाली की मेन तोडणारा स्विच) मधूनमधून पडते. इन्व्हर्टरचा प्लग काढला की पडत नाही. तो खराब म्हणायचा का?

फेज न्यूट्रल

इन्व्हर्टर बहुतेक ठीक असेल, जोडणी चुकली आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघते. इन्व्हर्टरच्या दिव्यांचा फेज इन्व्हर्टरमधून जातो, आणि न्यूट्रल घाईत जवळच्या कुठल्या तरी बोर्डातल्या न्यूट्रलला जोडलेला असतो. मग जाणं एका वाटेने आणि येणं दुसऱ्या वाटेने होतं, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती उडते. इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल वेगळी काढून त्याच्या आउटपुटला नेली की प्रश्न सुटतो. काही इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आतून सरळ जोडलेली असते, काहींत नसते. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून पुस्तिकेतला आराखडा बघून जोडून घ्या, आणि तोवर आरसीसीबी बायपास करू देऊ नका. जीव वाचवणारी तीच एक वस्तू डीबीमध्ये असते.

मोगरा ४२

लिथियम बॅटरी घेतली तर पाणी, ट्रे, सोडा हे सगळं टळेल ना?

तारेवरची चिमणी

टळेल. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे १२८० वॉट-तास, आणि जोरात उपसली तरी जवळजवळ सगळी देते, म्हणून वापरात ती १५० एएचच्या ट्युब्युलरच्या बरोबरीची ठरते. वजन बारा-तेरा किलो, ट्युब्युलरचं पन्नासच्या वर. वायू निघत नाही. पण जुन्या इन्व्हर्टरला नुसती अडकवू नका. त्याच्या मेनूत लिथियमची सेटिंग आहे का बघा. ट्युब्युलरसाठीचं इक्वलायझेशन चार्जिंग १५ व्होल्टच्या वर गेलं तर बॅटरीतला बीएमएस (तिची राखण करणारं सर्किट) तिला तोडतो, आणि नेमक्या वेळी घर अंधारात जातं. पत्र्याच्या शेडमध्ये तीही नको, ४५ च्या वर तिलाही उष्णता नडते. रोज तीन-चार तास वीज जाणाऱ्या ठिकाणी तिचा खर्च वसूल होतो. महिन्यातून दोनदा जाणाऱ्या शहरी घराला मी ट्युब्युलरच सुचवेन.

वऱ्हाडी ऊन

महिनाभर घर बंद ठेवून जाणाऱ्यांसाठी शेवटचं: पाणी हिरव्या रेषेपर्यंत, बॅटरी पूर्ण चार्ज, मग इन्व्हर्टर बंद, प्लग काढा आणि काळी वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. नुसता पुढचा स्विच बंद ठेवला तरी इन्व्हर्टर थोडी थोडी वीज ओढत राहतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली द्या, एक दिवस चार्ज करून परत वायर काढायला सांगा.

अबोली

चौथ्या सेलच्या आकड्यांचा कागद दुकानात दाखवला. नवीन बॅटरी प्रो-राटात मिळतेय, सूट मोडीपेक्षा जास्त निघाली. दीडशेचीच घेतेय, आणि बेडरूमचे दोन पंखे बीएलडीसी.